पिडिंग्टनच्या नोंदवहीतली फुली

गेल्या पावसाळ्यात आपल्या मंडळाच्या भित्तिपत्रकासाठी मला विल्यम कॅरीवर एक पान लिहायचं होतं. माहिती तयारच होती. जन्म १७६१, मूळचा जोडे शिवणारा कारागीर, १७९३ मध्ये भारतात आला, बंगालमधल्या श्रीरामपूरला छापखाना, कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली, संस्कृत आणि मराठीची शिकवणी, १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण, १८१० मध्ये मोडी टाइपात छापलेला मराठी-इंग्रजी कोश. एका संध्याकाळचं काम, असं मी धरून चालले होते.

पण चरित्र चाळताना एका मजकुरापाशी थांबले. १० जून १७८१ रोजी पिडिंग्टन गावच्या चर्चमध्ये त्याचं डोरोथी प्लॅकेटशी लग्न झालं. नोंदवहीत त्याने सही केली, तिने फुली मारली.

खरं सांगते, आधी मला हसू आलं. आपल्या भाषेचा कोश करणाऱ्या माणसाची बायको अंगठाबहाद्दर! मग आमच्याच घरातली एक गोष्ट आठवली आणि हसू गेलं. ती गोष्ट शेवटी सांगेन. पण तेव्हापासून एक प्रश्न मनात बसला. अडीचशे वर्षांपूर्वीच्या एका इंग्रज खेड्यातल्या, फुली मारणाऱ्या बाईचा माग लागतो तरी कसा? भित्तिपत्रक वेळेवर गेलं नाही (सरांची पुन्हा एकदा माफी मागते), पण इंग्लंडातल्या लहानशा पॅरिशमध्ये घराण्याचा इतिहास कसा शोधतात ते मात्र समजलं. ते इथे सांगते.

पॅरिश हा शब्द गोव्याकडच्या मित्रमैत्रिणींना समजावायला नको. एक चर्च आणि त्याच्या हद्दीतली वस्ती. पण जुन्या इंग्लंडात पॅरिशचं काम प्रार्थनेपुरतं नव्हतं. रस्ते दुरुस्त करणं, गोरगरिबांना मदत देणं, त्यासाठी घरोघरी कर गोळा करणं, हे सगळं पॅरिशच बघायची. देऊळ, चावडी आणि तलाठी एकाच छपराखाली, असं समजा. म्हणून तिथे कागद फार तयार झाले.

गाव आणि पॅरिश एकच असते असं मात्र नाही, आणि नवखा माणूस पहिली ठेच इथेच खातो. कॅरी कामाला आणि राहायला होता हॅकल्टनला. पण हॅकल्टन ही पिडिंग्टन पॅरिशमधली वाडी. त्याचा जन्म पॉलर्सपरीचा, तर त्यातही घर प्युरी एंड नावाच्या वाडीत. वाडीच्या नावाने नोंदवही शोधत बसलं तर हाती काही लागणार नाही. आधी नकाशा काढायचा, वाडी कुठल्या चर्चच्या हद्दीत येते ते बघायचं, मग वहीकडे वळायचं. ही दोन्ही गावं नॉर्थॅम्प्टनशायर परगण्यातली आहेत. शंभर वर्षांहून जुन्या, भरलेल्या वह्या आता गावच्या चर्चमध्ये नसतात. त्या परगण्याच्या अभिलेखागारात ठेवायच्या असतात, आणि इथलं अभिलेखागार नॉर्थॅम्प्टन शहरात आहे.

या वह्यांची सुरुवात १५३८ ची. आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने फर्मान काढलं की प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं लिहून ठेवावीत आणि वही कुलपाच्या पेटीत ठेवावी. लोकांना वाटलं, हा नव्या कराचा डाव आहे. सुरुवातीला बऱ्याच ठिकाणी सुट्या कागदांवर लिहीत. १५९८ मध्ये हुकूम झाला की जुनं सगळं चर्मपत्राच्या वहीत उतरवून घ्या, निदान राणी एलिझाबेथ गादीवर आल्यापासूनचं तरी. कारकुनांनी अर्थातच सोपा मार्ग धरला. त्यामुळे कितीतरी गावांच्या वह्या नेमक्या १५५८ पासून सुरू होतात. कारकून सगळीकडे सारखेच.

त्याच वेळी आणखी एक शहाणपणाची गोष्ट झाली. दर वर्षीच्या नोंदींची नक्कल बिशपकडे पाठवायची. मूळ वही उंदरांनी खाल्ली, ओल लागून गेली, तर ही नक्कल उपयोगी पडते. पण ती नक्कलच हे विसरायचं नाही. तिच्यातली सही ही सही नसते, नक्कल करणाऱ्याचं अक्षर असतं. आपल्या डोरोथीची फुली बघायची तर मूळ वहीच हवी.

तारखांचा एक सापळा आहे, त्यात मीही अडकले होते. १७५२ पूर्वी इंग्लंडात नवं वर्ष १ जानेवारीला नव्हे, २५ मार्चला लागायचं. म्हणजे वहीत 'फेब्रुवारी १७५०' लिहिलं असेल तर ते आपल्या हिशेबाने १७५१. नाहीतर जूनमध्ये लग्न झालेल्या जोडप्याला त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत मूल झालेलं दिसतं आणि आपण दोनशे-पावणेतीनशे वर्षांपूर्वीच्या बिचाऱ्या बाईबद्दल भलताच ग्रह करून घेतो. शिवाय १७३३ पर्यंत पुष्कळ नोंदी लॅटिनमध्ये, त्यात विल्यमचा गुलिएल्मुस झालेला असतो. आणि १६४० ते १६६० या यादवीच्या काळात तर अनेक वह्यांत मोठं खिंडारच आहे. नेझबीची लढाई १६४५ मध्ये याच परगण्यात झाली. अशा वेळी वही कोण लिहीत बसणार?

आता कॅरी घराण्याकडे येऊ. नाव तरी धड एका पद्धतीने कुठे लिहिलं जातं? आपल्याच मराठी पुस्तकांत तो कॅरी आहे, केरी आहे, कॅरेही आहे. जुन्या वह्यांतही आडनाव कानाला जसं ऐकू आलं तसं उतरवलेलं असतं. म्हणून शोधताना एकच स्पेलिंग धरून बसायचं नाही.

हे घराणं मात्र मोठं नशीबवान. विल्यमचे आजोबा पीटर हे पॉलर्सपरीचे शाळामास्तर आणि पॅरिश-क्लार्क. वडील एडमंड हातमागावर लोकरीचं कापड विणायचे. विल्यम सहा वर्षांचा असताना तेही शाळामास्तर आणि पॅरिश-क्लार्क झाले. पॅरिश-क्लार्क म्हणजे चर्चमध्ये पाद्र्याच्या मागोमाग 'आमेन' म्हणणारा, लोकांकडून उत्तरं म्हणवून घेणारा, आणि पुष्कळ गावांत वहीचं कामही सांभाळणारा माणूस. अशा घरातल्या मुलाला अक्षर यावं यात नवल नाही. विल्यमला लिहिता येणं ही जशी त्याची हुशारी, तशी ती बापाची नोकरीही होती. चरित्रकार हुशारीवर पानंच्या पानं लिहितात, नोकरीवर फार थोडं.

लहान पॅरिशमध्ये दुसरी अडचण नावांची. आजोबा पीटर, काका पीटर, आणि पुढे विल्यमच्या एका मुलाचं नावही पीटर. मूल दगावलं तर पुढच्या मुलाला तेच नाव देण्याचीही रीत होती. त्यामुळे 'पीटर कॅरी' एवढीच नोंद सापडली म्हणून उड्या मारायच्या नाहीत. दफनाच्या नोंदी आधी तपासायच्या. ज्या बाळाला आपण पूर्वज समजतो ते तिसऱ्या महिन्यातच गेलेलं असू शकतं. उलटही होतं. काका पीटर कॅनडात गेला होता, मग परत येऊन गावात माळीकाम करायला लागला. विल्यमला झाडांचा नाद त्यानेच लावला. मधली वर्षं असा माणूस गावच्या वहीत नसणारच. वहीत नाही म्हणजे मेला असं नाही.

आता ते लग्न. १७५४ पूर्वी लग्नाची नोंद बहुधा एका ओळीत आटपायची. चोरून लग्नं फार होतात म्हणून लॉर्ड हार्डविकचा कायदा आला. त्यानुसार लग्नाच्या आधी तीन रविवार चर्चमध्ये जाहीर पुकारा करायचा किंवा परवाना काढायचा, लग्न चर्चमध्येच लावायचं, आणि नोंदीखाली नवरा, नवरी, पाद्री आणि दोन साक्षीदार यांनी सही करायची. सही येत नसेल तर खूण. क्वेकर आणि ज्यू सोडून सगळ्यांना हे लागू. १७८१ च्या त्या दिवशी रविवारच होता. विल्यम वीस वर्षांचाही नव्हता, म्हणजे कायद्याने अज्ञानच. डोरोथी त्याच्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी. तिच्या वडिलांचा ओढा गावातल्या वेगळ्या पंथाच्या सभेकडे होता, तरी लग्नाला चर्चशिवाय इलाज नव्हता.

या कायद्याचा एक परिणाम कुणाच्या मनातही नसेल. त्या दिवसापासून इंग्लंडातल्या प्रत्येक लग्न करणाऱ्या माणसाचा हात कागदाला लागला. शेतमजूर, मोलकरीण, विणकर, कुणीही असो, एकदा तरी त्याने बोरू हातात धरला. राजाचं अक्षर जपलेलं असतं त्यात विशेष नाही. पण कुठल्या तरी गुराख्याची थरथरती फुली आजही बघायला मिळते. त्या काळात निम्म्याहून अधिक नवऱ्या अशी खूणच करत. डोरोथी काही गावातली वेगळी बाई नव्हती.

आणि फुली म्हणजे काय ते नीट समजून घ्यायला हवं. तेव्हाच्या शाळांत वाचन आधी शिकवायचे, लिहिणं नंतर, आणि त्याचे पैसे बहुधा वेगळे. गरिबाघरची मुलगी चार अक्षरं वाचायला लागली की तिला कामाला लावत. नॉर्थॅम्प्टनशायर हा लेस विणण्याचा मुलूख. लहान लहान मुली लेसच्या उशीपुढे बसून दिवसभर सूत फिरवायच्या. म्हणून फुली मारणाऱ्या बाईला लिहिता येत नव्हतं एवढंच म्हणता येतं. तिला वाचता येत नव्हतं, असं त्यावरून म्हणता येत नाही. मी मात्र आधी तेच म्हटलं होतं.

(आपल्या जुन्या मोडी कागदांतही खुणा आहेतच की. शेतकऱ्याची निशाणी नांगर, बाईची निशाणी बांगडी. इंग्रजांच्या फुलीपेक्षा मला तर त्या जास्त बोलक्या वाटतात.)

लग्नाची नोंद स्त्रीच्या बाबतीत फार मोलाची असते याला आणखी एक कारण आहे. बाप्तिस्म्याच्या नोंदीत बापाचं पूर्ण नाव आणि आईचं बहुधा नुसतं पहिलं नाव. दफनाच्या नोंदीत 'अमक्याची बायको'. तिचं माहेरचं आडनाव सासरच्या आडनावाला जिथे भिडतं ती जागा म्हणजे ही लग्नाची ओळ. ती ओळ हरवली की बाईचं माहेर गेलं, आणि माहेर गेलं की त्या बाजूचे सगळे पूर्वज गेले. १८३७ मध्ये सरकारी नोंदणी सुरू झाली तेव्हा लग्नाच्या दाखल्यावर दोघांच्या वडिलांचं नाव आणि धंदा आला. आईचं नाव यायला मात्र २०२१ उजाडावं लागलं. मी हे दोनदा तपासून पाहिलं. २०२१ च.

लग्नानंतर कॅरीचा माग पॅरिशच्या वहीत एकदम पातळ होतो. १७८३ च्या ऑक्टोबरात नॉर्थॅम्प्टनला नेन नदीत त्याने बाप्तिस्मा घेतला आणि तो बॅप्टिस्ट झाला. बॅप्टिस्ट लोक लहान बाळांचा बाप्तिस्मा करत नाहीत. मग १७८५ मध्ये जन्मलेल्या फेलिक्सचा बाप्तिस्मा चर्चच्या वहीत कसा सापडणार? तिथे नाही म्हणून निराश होऊन पुष्कळजण शोध सोडतात. अशा पंथांच्या जन्मनोंदी निराळ्या असत. १८३७ नंतर सरकारने त्यांतल्या पुष्कळ मागवून घेतल्या आणि आज त्या लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. कागद कुठे शोधायचा हे माणसाच्या श्रद्धेवरही ठरतं. आणि खिशावरही! १७८३ ते १७९४ या काळात प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर होता, गरिबांना माफ. त्यामुळे त्या वर्षांत नावापुढे 'गरीब' अशी खूण दिसली तर लगेच करुण कहाणी रचायची नाही. कधी कधी पाद्र्याने दया दाखवलेली असते.

गरिबांवरून आठवलं. मला सगळ्यात आवडलेले कागद जन्ममृत्यूचे नव्हेतच. १६६२ च्या कायद्याने प्रत्येक माणसाची एक 'हक्काची' पॅरिश ठरलेली असायची. आजारी पडला, काम गेलं, तर मदत तिथूनच मिळायची. दुसऱ्या गावात आलेला माणूस आपल्या पॅरिशच्या डोक्यावर बसेल असं वाटलं की त्याला न्यायाधीशांपुढे उभं करून जबानी घ्यायचे. तुझा जन्म कुठला? उमेदवारी कुणाकडे केलीस? सलग वर्षभर चाकरी कुठे केलीस? लग्न कधी, मुलं किती? आणि हक्क नाही असं ठरलं तर बायकापोरांसकट परत पाठवणी. पोटुशी बाई असेल तर घाई जास्त, कारण मूल इथे जन्मलं तर त्याचा खर्च पॅरिशवर येण्याची भीती. हे कागद वाचताना राग येतो. पण ज्याच्या नावावर जमीन नाही, मृत्युपत्र नाही, थडग्यावर दगड नाही, त्या माणसाचं आयुष्य सलग सांगितलेलं कुठे सापडत असेल तर या जबान्यांत. ज्या गावाला तो नको होता, त्याच गावाने त्याची गोष्ट लिहून ठेवली.

बाकीची साधनं भराभर सांगते. नॉर्थॅम्प्टनशायरची १७७७ ची एक लष्करी यादी शिल्लक आहे, तीत गावोगावच्या १८ ते ४५ वयाच्या पुरुषांची नावं आणि धंदे आहेत. विल्यम तेव्हा सोळाचा, म्हणून त्या वयात न बसणारा. बायका अर्थातच नाहीत. १८५८ पूर्वीची मृत्युपत्रं धर्मन्यायालयांच्या दप्तरात. १८४१ च्या जनगणनेत घरोघरची नावं आहेत, पण मोठ्यांची वयं पाचाच्या पटीत खाली आणलेली, तेव्हा त्यांवर विसंबू नये. १८५१ च्या जनगणनेत जन्माची पॅरिश लिहिलेली असते, तिथून मागे चालत वह्यांकडे जायचं. चालायचं नेहमी मागेच, ठाऊक असलेल्या माणसाकडून ठाऊक नसलेल्याकडे. प्रसिद्ध पूर्वज आधी ठरवून खाली उतरू लागलो की वाटेत कुणीही कॅरी भेटला तरी आपलाच वाटतो.

हे बरंचसं आज बेळगावात बसून करता येतं. फॅमिलीसर्च आणि फ्रीरेज या संकेतस्थळांवर फुकट शोधता येतं. मात्र तिथे पुष्कळदा मिळते ती सूची. सूचीत नाव, तारीख, गाव येतं. फुली येत नाही. तेवढ्यासाठी मूळ पानाची छबी बघावी लागते.

डोरोथीचं पुढचं आयुष्य सुखाचं नव्हतं. पहिली मुलगी अ‍ॅन दुसऱ्या वर्षातच तापाने गेली. पुढे आणखी एक मुलगी, ल्यूसी, तीही लहानपणीच गेली. १७९३ मध्ये विल्यमने भारतात जायचं ठरवलं तेव्हा तिने साफ नकार दिला. जहाज लांबलं, तो पुन्हा मनवायला आला, आणि बहीण किटी सोबत येते म्हटल्यावर काही आठवड्यांचं बाळ घेऊन ती निघाली. दुसऱ्याच वर्षी बंगालात पाच वर्षांचा पीटर वारला. त्यानंतर तिचं मन ठिकाणावर राहिलं नाही ते शेवटपर्यंत. १८०७ च्या डिसेंबरात ती श्रीरामपूरला गेली. मराठीचं व्याकरण १८०५ चं, कोश १८१० चा. या दोन सालांच्या मधोमध तिचा मृत्यू येतो, हे भित्तिपत्रकावर लिहायला मला जागा नव्हती.

आता आमच्या घरची गोष्ट. आज्जी खानापूरकडच्या खेड्यातली. पेन्शनसाठी मी तिला बँकेत घेऊन जायचे. तिने शाईच्या पॅडवर अंगठा टेकला की मी दुसरीकडे बघायचे, ओळखीचं कुणी नाही ना म्हणून. एकदा तिने ते बघितलं. काही बोलली नाही, पदराला अंगठा पुसला.

पिडिंग्टनचं एवढं वाचल्यावर पप्पांना म्हटलं, आज्जीच्या लग्नाची नोंद बघूया. आपल्याकडे ख्रिस्ती विवाहासाठी १८७२ चा कायदा आहे, आणि त्यातही वधूवर, पाळक आणि दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. पाळकसाहेबांनी कपाटातून जुनी वही काढून दिली. आजोबांची वळणदार सही. शेजारी 'निशाणी डावा अंगठा', आणि निळसर, थोडा फरफटलेला ठसा. खाली आज्जीचं माहेरचं आडनाव. घरात ते कधी कुणी उच्चारलंच नव्हतं. मला ते पहिल्यांदा तिथे कळलं.

परत येताना स्कूटरवर मी पप्पांना विचारलं, "आज्जी चर्चमध्ये गीतपुस्तक उघडून धरायची ना? ती वाचायची, की पाठ होतं?"

"वाचायची की," पप्पा म्हणाले. "नवीन गाणं सांगितलं तरी नंबर बघून पान काढायची, आणि शेजारच्या बायकांना शब्द सांगायची. तिच्या आईनं शिकवलेलं. लिहायला मात्र कुणी बसवलं नाही."

"मग मला कधी कसं सांगितलं नाही?"

"तू विचारलंस कधी?"